पाण्याची बाटली घेताना आधी तिचे तोंड पाहा

मे महिन्यातली गोष्ट. नागपूरचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे, त्यांना तो वेगळा सांगायला नको. सकाळी सातलाच ऊन चटके देऊ लागते आणि दुपारी पारा ४५ अंशांच्या आसपास जाऊन बसतो. आमच्या शेजारच्या वहिनी रोज पहाटे अंबाझरी तलावाच्या बाजूला फिरायला जातात. वय ६३. रक्तदाबाची गोळी चालू आहे. त्या दिवशी उठायला उशीर झाला, म्हणून निघायलाही झाला. परतताना त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. कशाबशा एका बाकापर्यंत पोहोचल्या. तिथे व्यायामाला आलेल्या एका अनोळखी मुलीने आपल्या बाटलीतले पाणी पाजले, ओला रुमाल मानेवर ठेवला आणि रिक्षात बसवून घरी आणून सोडले.

दुपारी मी भेटायला गेले. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या. मी विचारले, "वहिनी, पाणी नव्हतं का हो बरोबर?"

"कशाला नेते पाणी! ती बाटली म्हणजे दगड आहे नुसता," त्या म्हणाल्या, "आणि पाणी प्यायलं की मग वाटेत जायची सोय कुठे आहे?"

स्वयंपाकघरातल्या फळीवर एक नाही, तीन बाटल्या होत्या. एक लेकीने बंगळुरूहून पाठवलेली, लिटरभर पाण्याची, दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली. दुसरी कधीतरी प्रवासात विकत घेतलेली मिनरल वॉटरची, जिचे पोट एका बाजूने चेपले होते. तिसरी नातवाची जुनी, नळी असलेली. तिची नळी उजेडासमोर धरली, तर आत काळे ठिपके दिसले. घरात तीन बाटल्या आणि फिरायला न्यायला एकही नाही, अशी स्थिती!

ही स्थिती वहिनींच्याच घरात आहे असे नाही. आपण बाटली घेताना रंग पाहतो, झाकण पाहतो, ती पाणी किती तास गार ठेवते ते विचारतो. पण ती रोज उचलून नेली जाईल का आणि रोज आतून घासता येईल का, हे दोन प्रश्न विचारायचे राहून जातात. खरे म्हणजे बाटलीची निवड याच दोन प्रश्नांवर व्हायला हवी.

आधी वजनाचा हिशेब

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. लिटरभराची दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली रिकामीच चारशे-पाचशे ग्रॅम भरते. म्हणजे फिरायला निघताना हातात जवळजवळ दीड किलो! भाजीची पिशवी नाइलाजाने उचलावी लागते, पण फिरताना असे ओझे कोणी चार दिवसांच्या वर उचलत नाही. मग बाटली फळीवर बसते.

म्हणून आधी आपल्याला पाणी किती लागते ते पाहा. त्याची एक सोपी घरगुती रीत आहे. फिरायला जाण्यापूर्वी कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. समजा, आधी वजन ६२ किलो होते आणि नंतर ६१.६ भरले. मध्ये आपण २०० मिलिलिटर पाणी प्यायलात. म्हणजे ४०० अधिक २००, असे सुमारे ६०० मिलिलिटर पाणी घामावाटे गेले. एकदा उन्हाळ्यात आणि एकदा थंडीत असे करून पाहिले, की आपला अंदाज आपल्यालाच येतो. गेलेला सगळा घाम वाटेतच भरून काढायला हवा असेही नाही. घरी येऊन उरलेले पाणी सावकाश पिता येते.

सकाळच्या गारव्यातल्या अर्ध्या-पाऊण तासाच्या फिरण्याला पाव ते अर्धा लिटर पाणी बहुतेकांना पुरते. तासाभराचा व्यायाम, बॅडमिंटन किंवा चढणीची वाट असेल, तर पाऊण लिटरची बाटली घ्या. वाटेत स्वच्छ पाणी भरून घेण्याची सोय असेल, तर लहान बाटलीच बरी.

आपल्या गावाची हवाही विचारात घ्या. मुंबई, गोवा, चेन्नई, कोलकाता येथे घाम अंगावरून ओघळतो, तो दिसतो. नागपूर, जयपूर किंवा उन्हाळ्यातल्या दिल्लीत हवा कोरडी असते. घाम आला तसा वाळून जातो आणि "मला घामच येत नाही" असा समज होतो. ब्लाउजवर किंवा सदऱ्यावर मिठाचे पांढरे डाग पडत असतील, तर घाम भरपूर येतो आहे हे ओळखावे. वय वाढते तशी तहान लागण्याची जाणीवही मंदावते. म्हणून वडीलधाऱ्यांनी घसा कोरडा पडण्याची वाट न पाहता मधूनमधून दोन-चार घोट घ्यावेत.

कोणत्या धातूची, कोणत्या प्लास्टिकची?

एकेरी भिंतीची स्टीलची बाटली रोजच्या फिरण्याला सर्वांत सोयीची. हलकी, न फुटणारी, घासायला सोपी आणि वास न धरणारी. तिच्यात पाणी फार वेळ गार राहत नाही, पण अर्ध्या तासाच्या फिरण्यात त्याची गरजही नसते. बाटलीवर ३०४ किंवा १८/८ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ, त्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल आहे. असे स्टील सहसा गंजत नाही. काही दुकानदार चुंबक लावून दाखवतात आणि "चिकटत नाही, म्हणजे माल अस्सल" असे सांगतात. त्यावर विसंबू नका. कमी निकेल आणि जास्त मँगेनीज असलेले स्वस्त २०२ जातीचे स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही.

त्यापेक्षा आयएसआय चिन्ह पाहा. तांबे, स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम यांच्या पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली परवान्याचा. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तो परवाना क्रमांक टाकला, तर तो खरा की खोटा ते घरबसल्या कळते.

दुहेरी भिंतीची बाटली म्हणजे थर्मासच. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, म्हणून उष्णता आत-बाहेर जात नाही. लांबच्या सहलीला, किल्ल्यावर किंवा दिवसभर बाहेर असणाऱ्यांना ती उपयोगी पडते. तिची परीक्षा सोपी आहे. गरम पाणी भरून झाकण लावा आणि पाच-दहा मिनिटांनी बाहेरून हात लावा. अंग गरम लागले, तर आतली पोकळी निकामी झाली आहे, बाटली बदलून घ्या. अशा काही बाटल्यांच्या बुडाशी पोकळी बंद करण्यासाठी शिसे असलेला डाग वापरलेला असतो आणि त्यावर चकती बसवलेली असते. पाण्याचा त्याच्याशी संबंध येत नाही, पण बुडाची चकती निघाली, तर ती बाटली वापरणे थांबवावे.

प्लास्टिकची बाटली वजनाला सर्वांत हलकी. तिच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो वाचण्याची सवय लावून घ्या. १ म्हणजे पेट, ज्याच्या मिनरल वॉटरच्या बाटल्या होतात. २ आणि ५ ही प्लास्टिके पुन:पुन्हा वापरायच्या बाटल्या-डब्यांसाठी चालतात. ७ म्हणजे 'इतर सर्व'. यात पॉलिकार्बोनेट हे टणक प्लास्टिकही येते आणि त्यात बिस्फेनॉल ए हे रसायन असते. बाळाच्या दुधाच्या बाटल्यांसाठी त्याचा वापर युरोपीय संघाने २०११ साली आणि अमेरिकेने २०१२ साली बंद केला. २०२४ च्या डिसेंबरात युरोपीय संघाने खाण्यापिण्याच्या इतर भांड्यांसाठीही त्यावर बंदी आणण्याचा निर्णय घेतला. मात्र ७ आकडा असलेल्या प्रत्येक बाटलीत हे रसायन असतेच असे नाही. म्हणून 'बीपीए फ्री' असे लिहिले आहे का ते वाचा.

मिनरल वॉटरची बाटली एखाद्या दिवशी पुन्हा भरून घेतली, म्हणून लगेच काही बिघडत नाही. पण ती महिनोन्महिने वापरण्यासाठी बनवलेली नसते. तिचे प्लास्टिक पातळ असते, ते चेपते, त्यावर बारीक चरे पडतात. तोंड इतके अरुंद असते की आत ब्रश फिरवता येत नाही. तापलेल्या मोटारीत तर ती ठेवूच नये. पैशांच्या दृष्टीनेही पाहा. फिरायला गेल्यावर रोज वीस रुपयांची बाटली घेतली, तर महिन्याचे सहाशे रुपये होतात. त्यापेक्षा एकदाच चांगली बाटली घेणे परवडते.

तांब्याची बाटली सध्या अनेक घरांत दिसते. तिच्यात फक्त साधे पाणी ठेवावे. लिंबू सरबत, ताक, कोकम सरबत असे आंबट पदार्थ तिच्यात घातले, तर तांबे विरघळून पेयात उतरते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम ठरवली आहे. त्याहून बरेच अधिक पोटात गेले, तर मळमळ आणि उलट्या होऊ शकतात. ॲल्युमिनियमच्या बाटलीला आतून अस्तर असते. ते खरवडले गेले असेल, तर बाटली बदला. काच सर्वांत स्वच्छ, पण ती घरात किंवा कार्यालयात मेजावरच शोभते, फिरताना नको.

तोंड आणि झाकण

आता महत्त्वाची गोष्ट. बाटली कशाचीही असो, तिच्यात सतत ओल असते. आपल्या तोंडातले जंतू घोटाबरोबर परत आत जातात आणि दोन-तीन दिवसांत आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरू लागतो. नुसते विसळून तो जात नाही, घासावाच लागतो. म्हणून बाटलीचे तोंड एवढे रुंद हवे, की बाटल्या धुण्याचा ब्रश सहज आत जाईल आणि उजेडात धरल्यावर बूड दिसेल.

पण रुंद तोंडाने चालताना पाणी पिणे कठीण. निम्मे पाणी पदरावर सांडते. यावर उपाय म्हणजे दोन टप्प्यांचे झाकण. मोठे झाकण धुण्यासाठी निघते आणि त्यातच पिण्यासाठी एक लहान तोंड असते. नळीच्या आणि दाबून पाणी ओढायच्या बाटल्या सायकल चालवणाऱ्यांना व धावणाऱ्यांना बऱ्या पडतात, पण नळी, झडप आणि खाचा हीच घाण साठण्याची ठिकाणे. त्यांचा प्रत्येक भाग सुटा होत असेल आणि नळीचा बारीक ब्रश बरोबर मिळत असेल, तरच त्या घ्या. झाकणातली रबराची किंवा सिलिकॉनची रिंग बोटाने निघते का आणि सुटी विकत मिळते का, हेही दुकानदाराला विचारा. बाटली दहा वर्षे टिकते, रिंग टिकत नाही.

आपल्याकडे वरून पाणी पिण्याची पद्धत आहे, कारण उष्टे चालत नाही. बसून पिताना ही पद्धत छानच, पण भरभर चालताना वरून पाणी ओतले, तर ठसका लागतो. तेव्हा थांबून प्यावे किंवा बाटलीला तोंड लावायचे असेल, तर प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवावी. घरात एकाच रंगाच्या बाटल्या असतील, तर झाकणाला वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधा. घरात कोणाला सर्दी-खोकला असेल, तेव्हा तर हे कटाक्षाने पाळावे.

दुकानात पाच मिनिटे द्या

बाटली घेताना एवढे करून पाहा :

• झाकण उघडून आतला वास घ्या. प्लास्टिकचा किंवा रंगाचा उग्र वास येत असेल, तर ती परत ठेवा.

• पाणी भरून, झाकण लावून बाटली उलटी धरा आणि हलवा. झाकणाच्या कडेला थेंब दिसता कामा नये.

• ओल्या हाताने झाकण उघडून पाहा. ज्यांची बोटे संधिवाताने दुखतात त्यांनी तर हे अवश्य करावे. घट्ट फिरकीपेक्षा त्यांना बटणाचे झाकण सोपे जाते.

• भरलेली बाटली हातात धरून दुकानातच थोडे चाला. हात अवघडतो का? घामाने निसटेल का? खांद्याला लावायचा पट्टा असेल, तर दोन्ही हात मोकळे राहतात.

• ऑनलाइन मागवणार असाल, तर माप, रिकाम्या बाटलीचे वजन आणि परत करण्याची मुदत आधी वाचा. तोंडाची रुंदी किती सेंटिमीटर आहे, तेही पाहा.

रोजची निगा

आपल्या आज्या यात्रेला जाताना पितळेचा फिरकीचा तांब्या बरोबर नेत. त्याला आतून कल्हई असे आणि घरी आल्यावर तो चिंचेने, राखेने लखलखीत घासला जाई. बाटलीचीही तीच तऱ्हा हवी. ती इतर भांड्यांबरोबर रोज घासायची वस्तू आहे.

फिरून आल्यावर उरलेले पाणी झाडांना घाला. साबण व ब्रशने बाटली आतून घासा, झाकणाच्या खाचा जुन्या टूथब्रशने साफ करा आणि बाटली व झाकण वेगवेगळे उपडे ठेवून पूर्ण वाळू द्या. ओल्या बाटलीला झाकण लावून कपाटात ठेवली, की वास आलाच म्हणून समजा. आठवड्यातून एकदा रिंग काढून धुवा. वास येत असेल, तर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून काही तास ठेवा. क्षारांचा पांढरा थर जमला असेल, तर व्हिनेगर आणि पाणी घालून अर्धा तास ठेवून घासा. मात्र स्टीलच्या बाटलीत ब्लीच घालून ठेवू नका. क्लोरीनमुळे स्टीलवर डाग आणि बारीक खड्डे पडतात.

सरबत किंवा ताक नेले असेल, तर ते बाटलीत रेंगाळू देऊ नका. उष्णतेने ते आंबते, आत वायू साठतो आणि झाकण उघडताना फसफसून उडते.

पाणी किती आणि कोणी?

तासाभरापर्यंतच्या साध्या व्यायामाला साधे पाणी पुरेसे आहे. त्यासाठी रंगीत, गोड पेयांची गरज नाही. उन्हात फार वेळ घाम गाळला असेल, तर लिंबू-मीठ-साखरेचे सरबत घ्या. ओआरएसची पुडी वापरायची असेल, तर ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण मिसळावी, अंदाजाने नाही.

पाणी कमी पडणे वाईट, तसेच गरजेपेक्षा अधिक ढोसणेही वाईट. बोस्टन मॅरेथॉनमध्ये २००२ साली धावलेल्या ४८८ जणांच्या रक्ताची तपासणी झाली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३ टक्के धावपटूंच्या रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीखाली गेलेले आढळले. धावताना वजन कमी होण्याऐवजी वाढावे, इतके पाणी पिणाऱ्यांमध्ये हा धोका अधिक होता. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे.

फिरताना चक्कर, डोके दुखणे, मळमळ किंवा पायात गोळे आले, तर लगेच सावलीत बसा, घोट घोट पाणी घ्या, अंग ओले करा. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा बेशुद्ध झाला, तर तोंडात पाणी ओतू नका. अंग गार करत करत त्याला ताबडतोब रुग्णालयात न्या.

राहिला वहिनींचा दुसरा प्रश्न. वाटेत सोय नाही, म्हणून पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया कितीतरी आहेत. पण तहान मारणे हा त्यावर उपाय नव्हे. निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास पेलाभर पाणी प्यावे आणि निघताना घरीच मोकळे होऊन जावे. वाटेत एकदम भरपूर न पिता लहान घोट घ्यावेत. फिरण्याची वाट अशी निवडावी, की जवळ एखादे स्वच्छ स्वच्छतागृह किंवा ओळखीचे घर असेल. आणि बागेत, तलावाकाठी ही सोय नसेल, तर चौघीजणींनी मिळून पालिकेकडे लेखी मागणी करावी. ही मागणी करण्यात लाजण्यासारखे काही नाही.

वहिनींच्या डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी पाहिली, गोळी घेण्याची वेळ बदलून दिली आणि पाणी किती घ्यायचे तेही सांगितले. नंतर आम्ही दोघी भांड्यांच्या दुकानात गेलो. त्यांनी अर्ध्या लिटरची, एकेरी भिंतीची, रुंद तोंडाची स्टीलची बाटली निवडली. मी पाणी भरून ती उलटी धरली, तेव्हा दुकानदार जरा वैतागला. पण थेंबही गळला नाही. लेकीची बाटली आता भाऊसाहेब प्रवासात नेतात. नातवाची नळीवाली बाटली मात्र त्याच दिवशी कचऱ्यात गेली.

परवा पहाटे वहिनी तलावावरून परतताना भेटल्या. खांद्याला पट्टा, पट्ट्याला बाटली. मी हलवून पाहिली, निम्मी रिकामी होती.